आजोबांच्या स्कोअरच्या वह्या : जपायच्या कशा, वाचायच्या कशा, छापायच्या कशा?

नात_दादरची

नमस्कार. आजोबांचं वर्षश्राद्ध डिसेंबरात आहे. तेव्हा घरच्यांसाठी आणि त्यांच्या मित्रमंडळींसाठी एक छोटी पुस्तिका काढायची आहे, चाळीस-पन्नास प्रती. 'प्रेमळ, मनमिळाऊ, क्रीडाप्रेमी' असं कुणाबद्दलही लिहिता येतं, तसं नको आहे. त्यांचं खेळाचं वेड आणि नातवंडांवरची माया त्यांच्याच कागदांतून दिसावी असं वाटतं.

हाताशी अकरा वह्या आहेत. हिशेबाच्या लांबट वह्या, लाल कापडी पाठीच्या. रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत चेंडूगणिक लिहिलेला स्कोअर. धावा निळ्या शाईने, विकेट लाल शाईने, मधेमधे पेन्सिल. बहुतेक पानांवर तारीख नाही, नुसतं 'दुसरा दिवस' किंवा 'चहापान'. काही पानांवर षटकाच्या चौकटीत सहाऐवजी आठ ठिपके आहेत. काही ठिकाणी चौकट कोरी सोडून आत 'बातम्या' लिहिलंय आणि पुढचा आकडा एकदम उडी मारतो. नव्वदच्या दशकातल्या वह्यांत नातवंडांचं अक्षरही आहे.

शिवाय कात्रणांच्या दोन चिकटवह्या, लालबाग-परळच्या कबड्डी स्पर्धांची हँडबिलं, 'कॉमेंट्री' असं लिहिलेल्या चार कॅसेट आणि सेल आत तसेच राहिलेला एक ट्रान्झिस्टर. पावसाळ्यानंतर दोन वह्यांवर करडे ठिपके दिसायला लागलेत. काका म्हणतात सगळी कात्रणं लॅमिनेट करून टाकू. करावीत का?

कागदवैद्य

लॅमिनेशन अजिबात नको. त्यात कागद गरम होतो, प्लास्टिकचा गोंद तंतूंत शिरतो आणि नंतर तो कुणालाही काढता येत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन आणि आम्ल कागद आतूनच पिवळा करत राहतं. प्लास्टिकमध्ये बंद केलं म्हणून ते थांबत नाही.

आधी बुरशीचं बघा. त्या दोन वह्या आजच बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा. ओल्या बुरशीवर फडकं फिरवू नका, डाग कागदात घोटला जातो. खोलीत सावलीत वह्या उभ्या, पानं पंख्यासारखी उघडून ठेवा. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, थेट वहीवर नाही. दोन-तीन दिवसांनी ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाले की गच्चीत किंवा गॅलरीत जाऊन जलरंगाच्या मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. नाकावर एन-९५ मास्क हवाच. उन्हात वाळवायचा मोह होईल, पण लाल शाई उन्हात सगळ्यात आधी उडते, आणि तुमच्याकडे विकेट लाल शाईत आहेत.

कसर लागलेली दिसली (पानांच्या कडा कुरतडलेल्या, पृष्ठभाग खरवडल्यासारखा) तर वही झिपच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं.

चिकटवह्यांतली कात्रणं सोडवत बसू नका. कणकेच्या खळीने चिकटवलेला जुना कागद ओढला की फाटतो. पान आहे तसं अख्खं स्कॅन करा. सेलोटेप सुकून आपणहून सुटली असेल तर उचला, चिकट असेल तर राहू द्या. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना मात्र काढा, मुंबईच्या हवेत त्या गंजतात आणि तो डाग कागद खातो. पिन नखाने उपटू नका, मागून तिचे पाय सरळ करून मग काढा.

स्कॅन रंगीतच करा, ३०० डीपीआय चालेल, पेन्सिलची पानं ६००ला. कृष्णधवल केलंत तर लाल आणि निळ्यातला फरकच जाईल. फोनवर काढणार असाल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, आणि स्कॅनिंग अ‍ॅपमधलं पान 'स्वच्छ' करणारं फिल्टर आठवणीने बंद ठेवून. ते फिल्टर फिकट पेन्सिल हा मळ समजून पुसून टाकतं. फाइलला नाव देताना वही क्रमांक, मग पान क्रमांक : 'वही०३-पान०४२'. तारखा नंतर समजत जातील, नाव बदलावं लागणार नाही. वह्यांवर पेनाने काहीही लिहू नका.

ठेवायला पत्र्याची ट्रंक नको, पावसाळ्यात ती आतून घामेजते. पोटमाळाही नको, तिथे उष्णता साठते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट असेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मुंबईत ओल त्याच भिंतीतून येते. पुठ्ठ्याची आम्लरहित पेटी मिळाली तर उत्तम, नाहीतर वह्या आम्लरहित कागदात गुंडाळा. पारदर्शक पाकिटं घ्यायची तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरची, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची नव्हेत. पेटीत शंभर ग्रॅम सिलिका जेल ठेवा, दाणे रंग बदलले की भाजून परत वापरा. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका.

स्कोअरर_काका

ताई, तारीख लिहिली नसली तरी ही पानं आपली तारीख सांगतात. वाचायची रीत कळली पाहिजे.

आठ ठिपक्यांचं षटक म्हणजे बहुधा ऑस्ट्रेलियातली मॅच, क्वचित न्यूझीलंड किंवा पाकिस्तानातली. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं. भारताचे त्या काळातले तिथले दौरे १९४७-४८, १९६७-६८ आणि १९७७-७८. कर्णधाराच्या जागी बेदी दिसला तर १९७७-७८, ती मालिका आपण ३-२ने हरलो. एकदिवसीय सामन्याचं पान साठ षटकांचं आखलेलं असेल तर बहुधा १९७५, १९७९ किंवा १९८३चा विश्वचषक. १९८७पासून विश्वचषक पन्नास षटकांचा झाला.

खुणांचं म्हणाल तर सहा ठिपके रेघांनी जोडून M केलेला दिसेल, ते निर्धाव षटक. त्याच षटकात विकेट पडली तर जोडणी उलटी, म्हणजे W. धाव ज्या फलंदाजाने काढली त्याच्या ओळीत आकडा आणि गोलंदाजाच्या चौकटीतही तोच आकडा, अशी दुहेरी नोंद असते. पान बरोबर आहे का हे तपासायचं तर फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर एका बाजूला आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय दुसऱ्या बाजूला मांडा, दोन्ही जुळले पाहिजेत. जुन्या वह्यांत हे नोबॉल-वाइडएवढ्याने जुळणार नाही. तेव्हा नोबॉल-वाइडच्या धावा गोलंदाजाच्या नावावर धरत नसत, ती पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आली. आजोबांची बेरीज चुकली असं समजून कुणी पेन लावू नये.

'बातम्या' लिहिलेल्या कोऱ्या चौकटी छापताना मुळीच गाळू नका. बातम्यांच्या वेळेला कॉमेंट्री थांबायची. पुन्हा सुरू झाली की समालोचक धावसंख्या सांगायचा, पण मधले चेंडू कुणी कसे खेळले ते कळायचं नाही. बहुतेक घरचे स्कोअरर अशा वेळी अंदाजाने भरून टाकत आणि एकूण आकडा जुळवत. तुमच्या आजोबांनी जे ऐकलं नाही ते लिहिलं नाही. त्यांच्या स्वभावाबद्दल दोन परिच्छेद लिहून जे सांगता येईल त्याहून जास्त त्या कोऱ्या चौकटीत आहे.

एक पान मुद्दाम शोधा. १९७१, लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंडचा दुसरा डाव, सर्वबाद १०१. सोमवार २३ ऑगस्ट, खेळ आपल्याकडच्या संध्याकाळी. चंद्रशेखरचं पृथक्करण १८.१ षटकं, ३ निर्धाव, ३८ धावा, ६ बळी. म्हणजे पान असेल तर 'चंद्रा'च्या ओळीत तीन M हवेत (त्या षटकात बळी असेल तर W). दुसऱ्या दिवशी, मंगळवारी गणेश चतुर्थी होती आणि भारताने ६ बाद १७४ करून चार गड्यांनी सामना जिंकला. बातमीचं कात्रण चिकटवहीत असेल तर २५ तारखेच्या किंवा नंतरच्या अंकातलं असणार. सणाच्या सुट्टीमुळे अंक एखाद-दुसरा दिवस पुढे सरकलेला असू शकतो.

परळकर

हँडबिलांबद्दल. कबड्डीच्या पत्रकांवर वार आणि तारीख असते, साल छापायचं कुणाला सुचत नसे. साल काढायचे मार्ग आहेत.

पत्ता बघा. 'मुंबई - १२' असं असेल तर जुनं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, तेव्हापासून तोच परळ 'मुंबई ४०० ०१२' झाला. अर्थात जुनी सवय आणि छपाईचे जुने ब्लॉक बराच काळ चालले, म्हणून पिनकोड दिसला तर ७२ नंतरचं हे पक्कं, पण नसला तर ७२ आधीचं हे पक्कं नाही. प्रवेश फी बघा : आण्यांत असेल तर साधारण १९५७ किंवा आधीचं, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४च्या आसपासचं. मग वार-तारीख जुळवा. उदाहरणार्थ २४ ऑगस्टला मंगळवार १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ला येतो. पिनकोड आणि फीवरून त्यातली दोन-तीन सालं गळतात, उरतात ती एखाद-दोनच. मंडळाचा वर्धापनदिन छापला असेल ('रौप्यमहोत्सवी वर्ष' वगैरे) तर तेही सोडू नका, मंडळाचं स्थापना साल बोर्डावर असतंच.

पत्रकाची मागची बाजूही स्कॅन करा. चाळीत कोरा कागद वाया जात नसे. मागे किराण्याची यादी, भिशीचा हिशेब, संघांची सोडत, काहीही असू शकतं.

वर्तमानपत्रात पडताळायचं असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा फोर्टातली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. जाण्याआधी फोन करून कुठल्या दैनिकाचे कोणत्या सालाचे अंक बघायला मिळतील ते विचारा. आणि आठवड्याभराचा टप्पा ठरवूनच जा, 'सत्तरचं दशक' मागितलंत तर हाती काही लागत नाही. जुन्या फायलींची झेरॉक्स मागू नका, फायली दाबल्या की कण्यातून तुटतात. परवानगी घेऊन फोटो काढा.

नात_दादरची

सगळ्यांचे मनापासून आभार. वह्या सावलीत वाळताहेत, पंखा भिंतीकडे तोंड करून आहे, लॅमिनेशन रद्द.

दोन प्रश्न. एक, आजोबा १९६०ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी 'वानखेडेवर' बघितल्याचं सांगायचे आणि घरात सगळे तसंच सांगतात. तसंच लिहू का? दोन, १९९६च्या विश्वचषकातल्या भारत-ऑस्ट्रेलिया मॅचचं पान मुलाच्या अक्षरात आहे. त्यात सचिन ९०वर बाद झाला त्या षटकात सहाऐवजी सात खुणा आहेत, एक खोडून परत लिहिली आहे, आणि शेजारी आजोबांनी बरोबरची खूण केली आहे. छापताना ते सहा करून घेऊ का?

टिपणकार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : वानखेडेवर पहिली कसोटी जानेवारी १९७५मध्ये झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध, ज्यात क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. १९६०ची मॅच ब्रेबॉर्नवर होती, तीच ज्यात अब्बास अली बेगला मैदानात धावत आलेल्या मुलीने गालावर चुंबन दिलं. दोन्ही मैदानं चर्चगेटच्या परिसरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या पिढीच्या बोलण्यात नावांची अशी अदलाबदल नेहमी होते. मजकुरात ब्रेबॉर्न लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'आजोबा सांगताना वानखेडे म्हणत' एवढं द्या. चूक गुपचूप दुरुस्त केली तर घरातली ती ओळखीची गोष्ट हरवते, आणि तशीच छापली तर त्यांचा एखादा मित्र पहिल्याच पानावर अडखळतो.

मजकुरासाठी घरातल्या पाच-सहा जणांकडून माहिती घ्या. सगळ्यात वयस्कर माणूस पहिला. फोनवर रेकॉर्ड करा, एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, दोन माणसं एकत्र नको, एकजण दुसऱ्याची आठवण खोडत बसतो. 'आजोबा कसे होते?' विचारलंत की विशेषणंच मिळतील. त्याऐवजी विचारा : रेडिओ कुठल्या फळीवर असायचा? वही मांडीवर की टेबलावर? वेस्ट इंडिजच्या मॅच आपल्याकडे रात्री चालायच्या, तेव्हा घरातल्यांची झोप कशी व्हायची? कुठल्या नातवंडाला त्यांनी आधी ठिपके द्यायला बसवलं आणि बेरीज कधी सोपवली? आजी असतील तर मॅचच्या वेळी त्या काय करत होत्या हे नक्की विचारा. त्या उत्तरात घर दिसतं.

जन्मतारीख, शाळा, नोकरी, निवृत्ती एवढं एका चौकटीत अर्ध्या पानावर बसवा आणि बाकी जागा वह्यांना द्या. कात्रणं छापताना मात्र जपून. वर्तमानपत्रातल्या फोटोंवर प्रसिद्धीनंतरही अनेक वर्षं हक्क असतो. घरगुती पुस्तिकेतही अख्खं कात्रण ठळक छापण्याऐवजी चिकटवहीच्या पानाचा फोटो द्या, ज्यात आजोबांचं अक्षर आणि खळीचे डाग दिसतील. नेटवर टाकू नका. वह्यांवरचा हक्क वारसांचा आहे, त्या मोकळेपणाने छापा.

जुना_रेडिओ

कॅसेट लगेच वाजवू नका. आधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी आहे का ते बघा. असेल तर घरच्या डेकमध्ये घालू नका, हेड खराब होतो आणि बुरशी बाकीच्या तीन कॅसेटनाही लागते. फीत स्वच्छ असेल तर आतली छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का बघा, ती गळली असेल तर आवाज दबका येतो. मग एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून वेटोळे एकमेकांना धरतात. डेकच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये, हेडफोनच्या भोकातून माइकच्या भोकात नव्हे, तिथे आवाज फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइल तशीच ठेवायची. मागे घरातला आवाज आला, कुणी चहा विचारला, तर तो कापू नका.

ट्रान्झिस्टरचे सेल आज काढा. जुने साधे झिंक-कार्बन सेल गळले असतील तर खायचा सोडा पाण्यात कालवून कापसाच्या काडीने पुसा. अल्कलाइन सेल असतील तर सोड्याऐवजी थोडं व्हिनेगर. नंतर कोरडं करा. पत्र्याची स्प्रिंग गंजून तुटली तरी मूळ भाग फेकू नका.

स्कोअरर_काका

ताई, ते सात मुळीच सहा करू नका!

२७ फेब्रुवारी १९९६, वानखेडे. ऑस्ट्रेलिया २५८, मार्क वॉ १२६. भारत २४२, आपण १६ धावांनी हरलो. सचिन ९०वर मार्क वॉच्याच गोलंदाजीवर यष्टिचीत झाला, आणि तो चेंडू वाइड होता. आता नियम असा : वाइडवर फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो, बळी गोलंदाजाला मिळतो, एक धाव अवांतरात जाते, पण तो चेंडू षटकात मोजला जात नाही, परत टाकावा लागतो. म्हणून त्या चौकटीत सात खुणा याव्याच लागतात. मोठी माणसंही तिथे गडबडतात. एकतर वाइड विसरतात किंवा बळी लिहून षटक एका चेंडूने आधी संपवतात. ज्या नातवंडाने ते लिहिलं त्याने पहिल्यांदा सवयीने सहा केले असतील आणि खोडून परत लिहिलं असेल, किंवा आजोबांनी चेंडू परत मोजायला लावला असेल. काहीही असो, नोंद बरोबर आहे आणि आजोबांनी तपासून खूण केली आहे. चित्राखाली एवढंच द्या : कोणाचं अक्षर, तेव्हा वय किती, आणि वाइडवर यष्टिचीत म्हणजे काय ते दोन ओळींत. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांनाही मग ती खूण दिसेल.

गिरगावचा_छापखाना

पन्नास प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलवर घ्या. आकार ए५, मधोमध पिना. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, वह्यांच्या चित्रांना २४ अधिक कव्हर पुरेल. आतला कागद १३० जीएसएम मॅट. चकचकीत आर्टपेपर नको, शाईच्या अक्षरावर उजेड चमकतो. अख्ख्या पानाच्या चित्राला किमान १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतील, आणि कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलीमीटर जास्तीचे. वही लांबट आहे, म्हणून एक वहीपान आडवं दोन पानांवर पसरावं लागेल. ते फक्त पुस्तिकेच्या अगदी मधल्या जोडपानावर सलग छापता येतं, बाकी ठिकाणी दोन वेगळे कागद येतात आणि रेघा जुळत नाहीत. मधेही पिना बसतात तिथे महत्त्वाची चौकट येऊ देऊ नका, चित्र सेंटीमीटरभर सरकवा.

मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि डीटीपीवाल्याला विचारा की तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार आहे का. त्या बदलात 'ऱ्या', 'ॲ', 'क्ष' आणि रफार हमखास तुटतात. वाचून झालेल्या पीडीएफवर नाही, छापलेल्या एका प्रतीवरच होकार द्या. वर्षश्राद्धाच्या आधी तीन आठवडे फाइल हातात द्या, दिवाळीनंतर लग्नपत्रिकांची गर्दी असते.

नात_दादरची

१९९६चं पान मधल्या जोडपानावर घेतेय. अक्षर धाकट्या आत्तेभावाचं निघालं, तेव्हा वय नऊ.

ओव्हलचं पानही सापडलं, वही क्रमांक चार. चंद्राच्या ओळीत सहा लाल खुणा आहेत. M मात्र दोनच आहेत, आणि त्यांच्यामधल्या एका चौकटीत 'बातम्या'.